वाळूमाशी, दगडी बांध आणि कॅरिऑनचा रोग

(विद्यापीठाच्या कृषी विज्ञान मंडळाच्या मासिक चर्चासत्रात कृषिविद्या विभागातील व्याख्यात्यांनी दिलेले भाषण)



पिकांविषयी बोलणाऱ्या माणसाने माणसांच्या रोगावर कशाला बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. औषधोपचार हा डॉक्टरांचा प्रांत आहे आणि त्यात मी शिरणार नाही. परंतु आज ज्या रोगाची माहिती द्यावयाची आहे तो शेतकऱ्यांचा रोग आहे. तो शेतात, बांधाच्या दगडांत, गोठ्याच्या कोपऱ्यात वाढणाऱ्या कीटकामार्फत पसरतो. त्याचा वाहक शोधून काढणारा मनुष्यही कापसावरील किडींचा अभ्यासक होता. म्हणून हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

या रोगाचे नाव कॅरिऑनचा रोग. तो दक्षिण अमेरिकेतील पेरू, इक्वेडोर आणि कोलंबिया या देशांत अँडीज पर्वताच्या खोऱ्यांमध्ये आढळतो. आपल्या देशात तो नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो, म्हणजे कोणी घाबरून जाऊ नये. मात्र तो पसरवणाऱ्या माशीच्या जातकुळीतील माश्या आपल्या गावांतही आहेत, आणि त्या आपल्याकडे दुसरे रोग पसरवतात. त्याविषयी शेवटी बोलू.

रोगाची ओळख

भेंडीवरील केवडा रोग आपण सर्वांनी पाहिला आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे पिवळी व कडक होतात. रोग विषाणूचा असतो, पण तो या झाडावरून त्या झाडावर नेते पांढरी माशी. माशी नसेल तर रोग शेतभर पसरत नाही. कॅरिऑनच्या रोगाचीही रीत अशीच आहे. फरक एवढाच की येथे रोगकारक विषाणू नसून जिवाणू आहे. त्याचे शास्त्रीय नाव बार्टोनेला बॅसिलिफॉर्मिस. आणि वाहक आहे वाळूमाशी, म्हणजेच सँडफ्लाय.

या रोगाची रूपे दोन आहेत. पहिल्या रूपात रुग्णाला ताप येतो. जिवाणू रक्तात शिरून तांबड्या रक्तपेशींवर हल्ला करतात. पेशी झपाट्याने नष्ट होतात, रुग्ण पांढराफटक पडतो, त्याला तीव्र रक्तक्षय होतो. अंगातील प्रतिकारशक्ती खालावते आणि मग दुसरे जंतूही संधी साधतात. याला ओरोया ताप असे म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर या अवस्थेत शंभरातील चाळीस किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावतात. दुसऱ्या रूपात, बहुधा तापानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, अंगावर लालसर, रक्ताने भरलेल्या चामखिळी उठतात. याला पेरूमध्ये वेरुगा म्हणतात. चामखिळी त्रासदायक असतात, त्यातून रक्त येते, पण त्यामुळे मृत्यू सहसा होत नाही.

एकाच जिवाणूची ही दोन रूपे इतकी वेगळी दिसतात की ते दोन निराळे रोग असावेत असे अनेक वर्षे समजले जात होते. हा गुंता सुटायला चाळीस वर्षे लागली. संशोधन कसे चालते, कसे अडते आणि कसे पुढे जाते हे समजण्यासाठी ती हकिकत उपयोगी आहे.

संशोधनाची वाटचाल

सन १८७० मध्ये पेरूची राजधानी लिमा येथून अँडीज पर्वतात ओरोया गावाकडे जाणाऱ्या रेल्वेचे काम सुरू झाले. रिमाक नदीच्या खोऱ्यात हजारो मजूर कामाला लागले. थोड्याच दिवसांत तापाची मोठी साथ आली आणि त्यात हजारो मजूर मृत्युमुखी पडले. खोऱ्यातील मूळच्या रहिवाशांना एवढा त्रास झाला नाही. लहानपणापासून रोगाशी संबंध आल्यामुळे त्यांच्या अंगी काही प्रमाणात प्रतिकारशक्ती आलेली होती. बाहेरून आलेल्या मजुरांजवळ ती नव्हती. या साथीवरून तापाला ओरोयाचे नाव पडले. ज्या ओढ्यावरच्या पुलाच्या कामावर फार माणसे गेली त्या पुलालाही वेरुगाचेच नाव होते.

दानिएल आल्सिदेस कॅरिऑन हा पेरूच्या डोंगराळ भागातील सेरो दे पास्को या खाणीच्या गावचा. तो लिमा येथे वैद्यकीय शिक्षण घेत होता. चामखिळीच्या रोगाचा प्रारंभ कसा होतो, पहिली लक्षणे कोणती, हे त्याला जाणून घ्यायचे होते. दिनांक २७ ऑगस्ट १८८५ रोजी त्याने रुग्णालयातील एका मुलाच्या चामखिळीतील रक्त स्वतःच्या दंडावर टोचून घेतले. तीन आठवड्यांनी त्याला त्रास सुरू झाला. स्वतःची लक्षणे तो स्वतः लिहून ठेवीत होता. हात चालेना तेव्हा मित्रांनी नोंदी पुढे चालू ठेवल्या. ५ ऑक्टोबर १८८५ रोजी ओरोया तापाने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय २८ वर्षे होते. टोचले होते चामखिळीचे रक्त आणि आला तो ताप. म्हणजे दोन्हींचे मूळ एकच आहे हे त्याच्या मृत्यूने दाखवून दिले. आज पेरूमध्ये ५ ऑक्टोबर हा दिवस वैद्यकीय दिन म्हणून पाळला जातो आणि रोगही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

त्यानंतर अल्बर्तो बार्टन या पेरूच्या डॉक्टरांना तापाच्या रुग्णांच्या तांबड्या रक्तपेशींमध्ये काडीसारखे सूक्ष्म जीव दिसले. त्यांनी १९०५ मध्ये त्याकडे लक्ष वेधले आणि १९०९ मध्ये सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. जिवाणूला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

येथे शेतकरी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाच वाफ्यात एकदा प्रयोग करून आम्ही कोणत्याही वाणाची शिफारस करीत नाही. पुनरावृत्ती घ्यावी लागते, वेगवेगळ्या हंगामांत आणि ठिकाणी तपासावे लागते. कॅरिऑनचा प्रयोग कितीही मोठ्या त्यागाचा असला तरी तो एकाच माणसावरचा प्रयोग होता. म्हणून शंका शिल्लक राहिली. १९१३ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे पथक रिचर्ड स्ट्राँग यांच्या नेतृत्वाखाली पेरूला गेले. ताप आणि चामखिळी हे दोन स्वतंत्र रोग आहेत असा निष्कर्ष या पथकाने काढला. पथक नामवंत होते, साधनसामग्री उत्तम होती, तरी निष्कर्ष चुकीचा ठरला. पुढे न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत हिदेयो नोगुची यांनी पेरूचे शास्त्रज्ञ तेलेमाको बॅटिस्टिनी यांच्यासह तापाच्या रुग्णाच्या रक्तातून हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि माकडांवर प्रयोग केले. १९२६ च्या सुमारास दोन्ही रूपे एकाच जिवाणूची आहेत हे सिद्ध झाले. कॅरिऑनच्या मृत्यूला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

कापसाच्या किडींचा अभ्यासक आणि वाळूमाशी

जिवाणू सापडला, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा? हे कोडे सोडवले ते चार्ल्स टाऊनसेंड या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने. पेरू सरकारने त्यांना कापसावरील किडींच्या कामासाठी बोलावले होते. नंतर वेरुगाच्या वाहकाचा शोध घेण्याचे काम त्यांच्याकडे आले.

टाऊनसेंड यांनी एखाद्या कीड-सर्वेक्षणासारखाच विचार केला. पहिली बाब अशी की रोग सगळीकडे नव्हता. तो काही ठराविक खोऱ्यांत, ठराविक उंचीच्या पट्ट्यात होता. त्याच्या वर नाही आणि खालीही नाही. दुसरी बाब अशी की दिवसा खोऱ्यातून ये-जा करणाऱ्यांना रोग होत नसे, रात्री मुक्काम करणाऱ्यांना होत असे. म्हणजे वाहक रात्री रक्त पिणारा असला पाहिजे आणि त्याचा आढळ रोगाच्या पट्ट्याशी जुळला पाहिजे. खोऱ्यातील रक्त पिणारे कीटक आणि गोचिडी एकेक करून तपासून बाद करीत गेल्यावर उरली एक बारीक माशी. १९१३ मध्ये त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आज तिचे शास्त्रीय नाव लुत्झोमिया वेरुकारम असे आहे.

याचा अर्थ, कीड कोठे आहे, कोठे नाही, कोणत्या वेळी असते आणि कोणत्या वेळी नसते याची नीट नोंद हेच या शोधाचे मुख्य साधन होते. कपाशीवर बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावून आपण रोजच्या पतंगांची नोंद ठेवतो, तीच ही पद्धत.

वाळूमाशीचा जीवनक्रम

वाळूमाशी दोन ते तीन मिलिमीटर लांबीची, मातकट रंगाची, अंगभर लव असलेली असते. बसताना ती पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरते. तिचा आवाज होत नाही. डासापेक्षा ती खूपच लहान असल्याने साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत शिरू शकते. ती लांब उडत नाही. थोडे थोडे अंतर टुणटुण उडी मारल्यासारखी जाते. वारा असेल तर ती उडत नाही. माणसाला चावते ती मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. चावण्याची वेळ मुख्यतः तिन्हीसांजेपासून रात्रीची.

डासाप्रमाणे तिला साठलेले पाणी लागत नाही, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ती अंडी घालते ओलसर, अंधाऱ्या, सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीत. गोठ्यातील शेण-मूत मिसळलेली माती, भिंतीच्या पायथ्याची भेग, दगडांच्या फटीतील पालापाचोळा अशा जागी तिच्या अळ्या वाढतात. प्रौढ माश्या दिवसा अशाच फटींत, बिळांत व भिंतींच्या भेगांत लपून राहतात.

आता अँडीजमधील शेतकऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणा. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेली पायऱ्यांची शेती. बांधाला चुना-माती नाही, दगडावर दगड रचलेला, म्हणजे फटीच फटी. त्यात मका, बटाटा, फळझाडे. घर कच्च्या विटांचे. जवळच कोंबड्या आणि जनावरे, आणि स्वयंपाकघरातच पाळलेले गिनीपिग, कारण तेथे ते खाण्यासाठी पाळतात. माशीला लपायला जागा, अळीला खत-माती, मादीला रक्त, सर्व काही एका अंगणात. त्या शेतकऱ्याचा यात दोष काहीच नाही. उताराची माती धरून ठेवण्यासाठी त्याला बांध हवाच. आपल्या डोंगराळ भागातही ताली घातल्याशिवाय शेती उभी राहत नाही.

नियंत्रणाचे प्रयत्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डीडीटी उपलब्ध झाले. मार्शल हर्टिग आणि फेअरचाइल्ड या शास्त्रज्ञांनी पेरूमध्ये घरांच्या भिंतींवर आणि दगडी बांधांवर डीडीटी फवारून प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. माशी दूर उडत नाही आणि भिंतीवर बसते, यामुळे भिंतीवर राहणारे औषध तिला चांगले लागू पडले. पण फवारणी थांबली की काही काळाने माशी परत येते. आपल्या शेतातील अनुभव काही वेगळा नाही.

प्रतिजैविके आल्यावर उपचारात मोठी सुधारणा झाली. योग्य औषध वेळेवर मिळाले तर ओरोया तापाचा रुग्ण वाचतो. तरीही रोग संपला नाही. त्याची कारणे संशोधनातून हळूहळू स्पष्ट झाली.

एक कारण म्हणजे निरोगी दिसणारे वाहक. या जिवाणूचा माणसाखेरीज दुसरा ठाम साठा सापडलेला नाही. काही माणसांच्या रक्तात जिवाणू असतात पण त्यांना ताप नसतो. माशी त्यांना चावते आणि जिवाणू पुढे नेते. दुसरे कारण निदानाचे. खेड्यातील दवाखान्यात रक्ताचा नमुना काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण पेरूमधील एका तपासणीत, १९९८ च्या साथीनंतर, या पद्धतीने तीन रुग्णांपैकी साधारण एकच पकडता आला. तिसरे कारण हवामान. पेरूच्या आंकाश प्रांतात एल निनोच्या काळात रुग्ण वाढल्याचे नोंदींवरून दिसून आले आहे. एल निनो हे नाव आपल्याला पावसाच्या अंदाजामुळे परिचित आहे. तो आपला पाऊस ओढून धरतो आणि पेरूमध्ये उष्ण व ओली हवा आणतो. १९९८ मध्ये तर पूर्वी हा रोग विशेष नसलेल्या कुस्को भागातील उरुबांबा खोऱ्यातही साथ आली. तेथे जी वाळूमाशी जबाबदार असावी असे आढळले तिची जात वेगळी होती. म्हणजे एकाच जातीच्या माशीवर सर्व भर ठेवून चालत नाही.

आंकाशमधील कराझ गावी झालेला अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधकांनी ६९० ग्रामस्थांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. दरवर्षी शंभर माणसांमागे सुमारे १३ जणांना लागण होत होती. सर्वांत जास्त लागण पाच वर्षांखालील मुलांना होती, वय वाढेल तसे प्रमाण कमी होत गेले. आणि महत्त्वाचे म्हणजे ७० टक्के रुग्ण केवळ १८ टक्के घरांत होते. तुडतुडे भातखाचरात आधी काही ठिकाणी गोलाकार पट्ट्यात दिसतात आणि आपण तेथे आधी उपाय करतो. त्याचप्रमाणे ही घरे वेळीच ओळखली तर थोड्या खर्चात बरेच काम होऊ शकते. हे ज्ञान मिळाले ते ग्रामस्थांनी दोन वर्षे संशोधकांना दार उघडे ठेवले म्हणून.

उपेक्षा कशामुळे?

जिवाणू माहीत, माशी माहीत, औषध माहीत, मग रोग शिल्लक का? कारण तो फार थोड्या ठिकाणी आणि गरीब डोंगरी शेतकऱ्यांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेने उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांची एक यादी केली आहे. वाळूमाशीनेच पसरणारा काळा आजार तिच्यात आहे, कॅरिऑनचा रोग तिच्यातही नाही. त्यावर आजवर लस नाही. माशीच्या अळ्या निसर्गात नेमक्या कोठे वाढतात हे शोधण्यासारखे साधे पण चिकाटीचे काम अजून अपुरे आहे. मोठ्या बागायती पिकावर कीड आली की सर्वांचे लक्ष जाते, आणि नाचणी-वरईवर आली की कोणी विचारत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. रोगांचेही तसेच आहे.

पण मनावर घेतले तर काय होते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेशात वाळूमाशीमुळे काळा आजार होतो. त्याचे कारण जिवाणू नसून एक परजीवी आहे. १९९२ मध्ये देशात त्याचे ७७ हजारांवर रुग्ण होते. घरोघर फवारणी, गावातच होणारी सोपी रक्तचाचणी आणि प्रभावी औषध यांच्या जोरावर २०२२ मध्ये ही संख्या एक हजाराच्या खाली आली. माशी तीच, गावे तीच, पण लक्ष पुरवले गेले.

आपण काय करावे?

महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध आहे. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू सापडला. त्याला गावाचेच नाव मिळाले. तो वाळूमाशीमार्फत पसरतो आणि मुलांमध्ये मेंदूज्वर उत्पन्न करतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याच्या साथींत अनेक मुले दगावली. अँडीजमधील संशोधनाने माशीविषयी जे शिकवले ते आपल्याला येथे उपयोगी पडते. त्या दृष्टीने पुढील गोष्टी कराव्यात.

१) घराच्या व गोठ्याच्या भिंतींच्या भेगा आणि फटी माती, शेणमाती किंवा सिमेंटने बुजवाव्यात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात हे काम विशेष लक्ष देऊन करावे.

२) गोठ्यातील शेण रोजच्या रोज काढावे. गोठ्याची जमीन कोरडी राहील असा उतार द्यावा. उकिरडा घरापासून शक्य तितका दूर न्यावा. तेच शेण खड्ड्यात नीट कुजवले तर खतही चांगले मिळते.

३) भिंतीला टेकून दगड, विटा, काटक्या, तुराट्या यांचे ढीग ठेवू नयेत.

४) लहान मुलांना भुईवर, भिंतीलगत किंवा गोठ्याजवळ झोपवू नये. संध्याकाळनंतर त्यांना अंगभर कपडे घालावेत. मच्छरदाणी बारीक जाळीची किंवा औषध लावलेली वापरावी.

५) आरोग्य खात्याचे लोक फवारणीस आले तर झोपण्याची खोली आणि गोठा दोन्ही फवारू द्यावेत. फवारलेल्या भिंती लगेच सारवू नयेत, नाहीतर औषध झाकले जाते.

६) शेतात वापरण्याची कीटकनाशके घरात किंवा गोठ्यात कधीही फवारू नयेत. त्यातून विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो. घरासाठीची औषधे व त्यांचे प्रमाण निराळे असते.

७) मुलाला एकाएकी जोराचा ताप येऊन झटके, उलट्या किंवा गुंगी आली तर अंगारा-धुपाऱ्यात एक तासही घालवू नये. ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. चांदीपुरा तापात मूल एक-दोन दिवसांतच गंभीर होते.

यातील बहुतेक कामांना पैसा लागत नाही, हात लागतात. सातव्या मुद्द्यावर मात्र कृपया विशेष लक्ष द्यावे. बाकीच्या गोष्टी सावकाश झाल्या तरी चालतील, ही चालणार नाही.

मित्रहो, या रोगाच्या शोधात एका विद्यार्थ्याने प्राण दिला, एका डॉक्टराने रक्तात जिवाणू पाहिला, एका कापूस-कीटकशास्त्रज्ञाने माशी ओळखली आणि कराझच्या ग्रामस्थांनी आपल्या घरांची माहिती दिली. यातील शेवटचे काम तुमच्या-आमच्या हातचे आहे. आपल्या गावात कोणत्या वाडीत, कोणत्या महिन्यात, कोणत्या घरात मुलांना असा ताप आला याची साधी नोंद ग्रामपंचायतीने आणि आशाताईंनी एका वहीत ठेवावी. पिकाची नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ते अवघड नाही. पुढे संशोधन करणाऱ्याला ती वही प्रयोगशाळेइतकीच मोलाची ठरेल.

 काही शंका असल्यास आता जरूर विचाराव्यात.